क्रायनडामचा पाडाव

"आप्पा, शनिवारी तुम्ही स्पॅनिश आहात," ताटात भाकरी वाढता वाढता नीरा म्हणाली.

"कोण म्हणतं?"

"यादी लागलीय नगरपालिकेच्या दारावर. हणमंत नाळे, स्पॅनिश पायदळ."

मी हातातला घास खाली ठेवला. फलटण तालुक्यात जन्म, तेहतीस वर्षं नीरा नदीच्या उजव्या कालव्यावर नोकरी, कालवा निरीक्षक म्हणून निवृत्त, आणि आता साठी उलटल्यावर स्पॅनिश पायदळ. माणसाच्या कपाळी काय काय लिहिलेलं असतं ते आधी कळत नाही तेच बरं.

टेबलापलीकडून जावई म्हणाला, "मी नाव दिलं नाही, आप्पा. मी तिकडं गेलेच नव्हते."

"त्यांना सांग," मी नीराला म्हणालो, "माझं नाव काढून टाका म्हणावं."

नीरानं माझ्याकडं बघितलं, नवऱ्याकडं बघितलं, आणि आमटीचं भांडं दोघांच्या मधोमध आदळलं.

याला आता चौदा वर्षं झाली. जावयाचं नाव योस्त. उंची सहा फूट पाच इंच, केस गव्हाच्या काडासारखे, स्वभावानं गरीब. मी त्याच्या घरात उतरून तेव्हा अकरा दिवस झाले होते, आणि त्या अकरा दिवसांत मी त्याच्याशी थेट एक शब्द बोललो नव्हतो. जे असेल ते नीरामार्फत. "त्यांना म्हणावं, मीठ इकडं सरकवा." "त्यांना विचार, हा पंखा बंद कसा होतो." त्याला कारण होतं. त्याच्या सहा वर्षं आधी नीरानं हॉलंडमध्ये लग्न केलं ते मला फोनवर कळलं. तोही फोन मला नव्हता, तिच्या आईला होता, मी आपला शेजारी सुपारी कातरत बसलो होतो. मी ओरडलो नाही, आदळआपट केली नाही. नुसतं बोलणं बंद केलं. कालव्यावरच्या माणसाला पाणी तोडायची सवय असते.

त्या वर्षी मात्र आमच्या मंडळींनी, म्हणजे सुभद्रेनं, गुडघ्याचं निमित्त काढून मला एकट्यालाच विमानात बसवलं. "तीन आठवडे जाऊन या," म्हणाली, "बोलू नका वाटल्यास. डोळ्यांनी बघून तरी या."

योस्त मात्र माझ्याशी बोलायचा, आणि मराठीत बोलायचा. सहा वर्षं रोज नीराचं आणि फोनवर सासूचं ऐकून ऐकून शिकलेला, त्यामुळं सगळं बाईमाणसासारखं. "मी चहा टाकते, आप्पा." "मी आज लवकर येते." एकदा हातातली बशी निसटून फुटली तेव्हा तो डोंगराएवढा गडी "अगं बाई गं!" म्हणाला. मला हसू फुटायचं. पण हसलं म्हणजे बोलल्यासारखंच झालं, म्हणून मी खिडकीकडं तोंड करायचो.

खिडकीतून क्रायनडाम दिसायचं. क्राय म्हणजे कावळा, डाम म्हणजे धरण, असं नीरानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं.

"धरण कुठंय?" मी मोठ्या आशेनं विचारलं.

"वाहून गेलं, आप्पा. सातशे वर्षं झाली."

"आणि कावळे?"

"ते आहेत."

वरून बघितलं तर हे गाव पाच टोकांच्या चांदणीसारखं दिसतं. टपालाच्या कार्डावर तसं चित्र होतं. खालून बघितलं तर मातीचा एक रुंद बांध, बांधावर गवत, गवतावर मेंढ्या आणि भोवती पाण्यानं भरलेला खंदक. आमच्याकडं किल्ला म्हटलं की मान वर करावी लागते. इथं मान खाली घालून बघायचा. वस्ती दोन हजार, गल्ल्या तीन, पण गाव म्हणायची सोय नव्हती. कुण्या सरदारानं मागं कधीतरी शहर असल्याचा दाखला दिला होता म्हणून हे शहर. मी एकदा पावाच्या दुकानात "नाइस व्हिलेज" म्हणालो, तर पाववाला केमाल, जो स्वतः तुर्कस्तानातून आलेला, त्यानं बोट उगारून मला दुरुस्त केलं, "सिटी, सर. सिटी."

या सिटीचा इतिहास मला हेन्ड्रिकाबाईंनी सांगितला. वय अठ्ठ्याहत्तर, अंगानं काटकुळ्या, एके काळी योस्तच्या शाळेतल्या बाई. वेशीवरच्या खोलीत शहराचं छोटंसं संग्रहालय होतं, ते त्या सांभाळायच्या. त्यांचं इंग्रजी आणि माझं इंग्रजी दोन्ही लंगडी, त्यामुळं जोडी बरी जमली. दुपारी नीरा कामावर गेली की मी तिथं जाऊन बसायचो.

त्यांनी सांगितलं ते असं. पंधराशे शहाऐंशी साली स्पेनच्या राजाची फौज चालून आली. नऊ दिवस वेढा. दहाव्या दिवशी शहरानं बांध फोडून चहूकडची शेतं पाण्याखाली घातली आणि स्पॅनिश ओल्या पायांनी माघारी गेले. पुढं चांदणीसारखे तट बांधले. तेव्हापासून शहर कुणाच्या हाती पडलेलं नाही. वेशीवर दगडात दोनच शब्द कोरले होते, त्यांचा अर्थ, 'कधीच नाही'.

हीच लढाई दरवर्षी जूनच्या दुसऱ्या शनिवारी खेळायची. दुपारी दोनला स्पॅनिशांनी दक्षिणेच्या वेशीवर तराफ्यांवरून हल्ला करायचा, रक्षकांनी तटावरून ओले स्पंज आणि नासके कोबी फेकायचे, आणि चर्चच्या घड्याळात चारचे टोले पडले की स्पॅनिश हरायचे. उत्तरेच्या बुरुजावर कावळ्याचं निशाण असे. चार वाजायच्या आत कुणी ते खाली उतरवलं तर शहर पडलं. खेळ सुरू झाल्यापासून बासष्ट वर्षांत एकदाही पडलं नव्हतं.

"पण स्पॅनिश कोण व्हायचं हे ठरवतं कोण?" मी नीराला त्या रात्री जेवण झाल्यावर विचारलं.

"ज्यांचे आजी-आजोबा इथल्या मातीत पुरलेत ते रक्षक. बाकीचे स्पॅनिश." ती भांडी पुसत होती. "केमाल स्पॅनिश. आमचे डॉक्टर ॲमस्टरडॅमहून आले त्याला एकवीस वर्षं झाली, ते स्पॅनिशांचे सेनापती. मी सहा वर्षं स्पॅनिश. आणि योस्त निशाणाचा राखणदार. त्याच्या आजोबांपासून तो मान त्यांच्या घरात आहे."

"म्हणजे नवरा वर आणि बायको खाली?"

"पहिल्या वर्षी मजा वाटली, आप्पा. आता नाही वाटत. उद्या पोरबाळ झालं तर तेही तटावर उभं राहणार आणि त्याची आई खाली कोबी झेलणार."

हसत हसतच म्हणाली ती. पण हसताना तिनं कोरडी बशी पुन्हा एकदा पुसली. मी उठलो. आत जाऊन पडलो. डोक्यात मात्र एकच घोळत राहिलं, माझ्या पोरीला परकी म्हणणारं हे गाव. माफ करा, शहर.

दुसऱ्या दिवशी मी संग्रहालयात गेलो तो तणतणतच. काचेच्या कपाटापुढं येरझारा घालत होतो, तर आतल्या एका वस्तूवर नजर गेली. हातभर लांबीची लोखंडी दांडी, एका टोकाला आडवी मूठ, दुसऱ्या टोकाला चौकोनी भोक. खाली चिठ्ठी.

"बाई, हे काय लिहिलंय?"

हेन्ड्रिकाबाईंनी चष्मा लावून वाचलं, "लोखंडी हत्यार. उपयोग अज्ञात. बहुधा छळासाठी."

मला असं हसू आलं की कपाटाला धरून उभं राहावं लागलं. "बाई, हे गेटचं हँडल आहे! असली शंभर हँडलं मी फिरवलीत. याचं गेट कुठंय?"

बाईंनी बराच वेळ माझ्याकडं बघितलं. मग कपाट उघडलं, हँडल रुमालात गुंडाळलं आणि मला घेऊन उत्तरेच्या बुरुजाखाली गेल्या. काट्याकुट्यांच्या जाळीत दगडी चौकट होती आणि चौकटीत दोन फूट रुंदीचा लोखंडी दरवाजा. वर उभा आटे पाडलेला गज, गजावर चौकोनी डोकं. आमच्या वितरिकेवरच्या, म्हणजे कालव्याच्या फाट्यावरच्या, गेटचा सख्खा चुलतभाऊ. परमुलखात आपल्या गावचा माणूस भेटावा तसं मला झालं.

गंजलेलं गेट बघून गप्प बसणं माझ्या रक्तात नाही. मी घरी जाऊन नीराच्या स्वयंपाकघरातली सूर्यफुलाच्या तेलाची बाटली आणली, गजाला वरपासून खालपर्यंत पाजली, दगडानं ठोकठोक ठोकलं आणि हँडल लावून जोर केला. पहिल्यांदा मी हललो. मग ते हललं. दोन आटे फिरलं आणि खालून बारीकसा आवाज आला, पाणी सुटल्याचा. मी लगेच बंद केलं.

"हे उघडलं तर पाणी कुठं जाईल?" मी विचारलं.

"बाहेरच्या ओढ्याला. तो खाली आहे," बाई म्हणाल्या. "उत्तरेकडचा हा खंदक दोन्ही बाजूंनी दगडी भिंतींनी तोडलेला आहे. बाकीच्या पाण्याशी याचा संबंध नाही."

मी पावलांनी लांबी मोजली, काठीनं पाण्याची खोली बघितली आणि तोंडी हिशेब मांडला. गेट नऊ इंच उचललं तर सुरुवातीला बारा क्युसेक, शेवटाला तीन. "साडेपाच-सहा तासांत खंदक रिकामा," मी बोलून गेलो. नुसती मोजदाद म्हणून बोललो होतो. पण बोलून झाल्यावर आम्ही दोघांनीही वर बघितलं. वर बरोबर कावळ्याच्या निशाणाचा खांब होता.

"शनिवारी सकाळी सगळं शहर आधी चर्चमध्ये असतं आणि मग बाजारात," हेन्ड्रिकाबाई निशाणाकडं बघतच म्हणाल्या. "इकडं कुणी फिरकत नाही."

"बाई, तुम्ही नक्की कुणाच्या बाजूनं?"

"मी? मी इतिहासाच्या बाजूनं."

आणि हँडल माझ्या हातात देऊन त्या तुरुतुरु निघून गेल्या.

नीराला सांगितलं तेव्हा ती आधी उडालीच. "आप्पा, वेड लागलंय का? योस्तच्या हातून निशाण गेलं तर तीन पिढ्यांचा मान जाईल. लोक तोंडावर बोलतील त्याला." मग जरा वेळानं तिचं तोंड वेगळंच दिसायला लागलं. लहानपणी कैऱ्या चोरायला निघताना दिसायचं तसं. "पण एकदा मला त्याचा चेहरा बघायचाय, आप्पा. एकदाच."

खरं सांगायचं तर मलाही तोच चेहरा बघायचा होता. माझं कारण तिच्याइतकं निर्मळ नव्हतं.

शनिवारी सकाळी साडेसातला मी गेट उचललं. नऊ इंचांवर ते अडलं ते अडलंच, पण तेवढं पुरे होतं. दुपारी दीडला जाऊन बघतो तर काय, खंदक जसाच्या तसा हिरवागार! मी काठावर वाकलो. मग लक्षात आलं. पाण्यावर टिकलीएवढ्या पानांच्या शेवाळाची साय होती, ती पाण्याबरोबर अल्लद खाली उतरून गाळावर अंथरल्यासारखी बसली होती. काठावर वाकून बघितल्याशिवाय कुणाला कळलं नसतं की आत पाण्याचा थेंब नाही.

दोनला तोफेचा बार झाला. डॉक्टरांनी सगळी स्पॅनिश फौज दक्षिणेला नेऊन नेहमीसारखा दंगा सुरू केला. उत्तरेला आम्ही तिघं: मी, नीरा आणि केमाल. मला दिलेला पत्र्याचा टोप डोक्यात शिरेना, म्हणून तो मी पांढऱ्या टोपीवरच बसवला होता. खाली पायजमा. स्पॅनिश विजार मी साफ नाकारली होती. आखडून बसल्यावर उठता येणार नाही असला तो कपडा. केमालनं दुकानाच्या मागून तीन लांब फळ्या आणल्या होत्या. एक टाकायची, पुढं जायचं, मागची उचलून पुढं द्यायची. दक्षिणेकडून आरडाओरडा, नगारे आणि कोबी फुटल्याचे आवाज येत होते. वर योस्त निशाणाच्या खांबाला टेकून त्या बाजूलाच बघत होता.

दीड तासात आम्ही पलीकडच्या काठापासून दहा फुटांवर आलो. केमाल मागची फळी उचलायला वाकला होता आणि त्याला उशीर होत होता.

"आप्पा, थांबा," नीरा कुजबुजली.

"गाळ आहे, गुडघाभर असेल," मी म्हणालो. "माझा जन्म गाळात गेलाय." आणि फळीवरून उतरलो.

आमच्या कालव्यातला गाळ दर उन्हाळ्यात काढतात. हा चारशे वर्षांत कुणी काढला नव्हता. पहिल्या पावलाला मी कमरेपर्यंत गेलो, ते पाऊल सोडवायला दुसरं टाकलं तर छातीपर्यंत. नीरानं हात दिला, तर फळीसकट तीच माझ्याकडं कलंडायला लागली. मी तिचा हात झटकून टाकला. मग ती किंचाळली. तटावरच्या मेंढ्या पळाल्या.

योस्तनं वाकून खाली बघितलं. त्याला दिसलं ते असं: खंदक नेहमीसारखा भरलेला, त्यात बायको पाण्यावर उभी, पाववाला पाण्यावर उभा, आणि सासरा छातीभर पाण्यात, डोक्यावर पत्र्याचा टोप.

"आप्पा," तो चकित होऊन म्हणाला, "तुम्ही पोहता?"

"ते बुडतायत!" नीरा ओरडली. "गाळ आहे, योस्त, गाळ!"

राखणदारानं चार वाजेपर्यंत खांबावरचा हात काढायचा नाही, असा नेम होता. त्याच्या आजोबांनी भर तापात तो पाळला होता म्हणे. घड्याळात चारला वीस कमी होते. योस्तनं एकदा खांबाकडं बघितलं. त्यानं दुसऱ्यांदा बघितलं नाही.

"आप्पा, हलू नका!" त्याची हाक अख्ख्या तटावर घुमली. "मी आले!"

गाळ तेव्हा माझ्या काखेशी आला होता. अशा वेळी माणसाला देव आठवतो, बायको आठवते. मला काय झालं कोण जाणे. इतके दिवस, नव्हे सहा वर्षं तुंबलेलं सगळं एकदम तोंडातून बाहेर आलं.

"आले नव्हे!" मी बोंबललो. "आलो! बाप्या माणसानं आलो म्हणायचं, लेका!"

"आलो!" तो ओरडला, आणि ती सहा फूट पाच इंचांची काया तटाच्या गवतावरून बसल्या बसल्या घसरत खाली आली. येताना त्यानं मेंढ्यांच्या गोठ्याची शिडी उचलली होती. ती त्यानं गाळावर आडवी टाकली, तिच्यावर पालथा पडला आणि माझ्या दोन्ही काखांत हात घातले.

"आप्पा, मी ओढतो. तुम्ही पाय... पाय काय करायचं?"

"पाय सोडतो! तू ओढ!"

त्यानं ओढलं. चारशे वर्षांचा गाळ सहजी काही सोडत नाही. त्यानं माझ्या बदल्यात माझा पायजमा ठेवून घेतला. मी शिडीवर आलो तो नाडीच्या पट्ट्यापट्ट्याच्या चड्डीवर, डोक्यावर मात्र टोप शाबूत. जावई माझ्या शेजारी धापा टाकत पडला होता. त्याच्या भुवयांनासुद्धा चिखल लागला होता.

नीरा फळीवर उभी राहून रडत होती आणि हसतही होती. "आप्पा, बरे आहात ना?"

"मी बरा आहे," मी म्हणालो. "तू काय बघतीस? निशाण मोकळं आहे!"

तिनं नवऱ्याकडं बघितलं. त्यानं वर बघितलं, मग तिच्याकडं बघितलं आणि अंग चोरून शिडीवर तिला वाट करून दिली. तसं बघितलं तर शहर तेव्हाच पडलं. बाकी उरला तो नुसता बुरुजाचा जिना.

चारला आठ मिनिटं कमी असताना क्रायनडामचं निशाण खाली उतरलं. दक्षिणेला आधी कुणाला पत्ताच नव्हता. मग एका रक्षकाच्या हातातला कोबी हातातच राहिला, आणि हळूहळू सगळा दंगा बंद पडला. इतकं चिडीचूप झालं की चारचे टोले पडले ते जत्रेत कुणीतरी रडल्यासारखे वाटले.

संध्याकाळच्या मेजवानीला चौकात लांब टेबलं मांडली होती, पण खात कुणी नव्हतं. मी कमरेला स्पेनचं निशाण गुंडाळून बसलो होतो, कारण दुसरं काही हाताशी नव्हतं. नगराध्यक्ष गळ्यात साखळी घालून उभे राहिले आणि लालबुंद होऊन बोलायला लागले. योस्त माझ्या कानाशी मराठीत सांगत होता.

"ते म्हणतात, पाणी काढणं नियमात नाही. ते म्हणतात, हे खरं पडणं नाही."

मग म्हाताऱ्या रक्षकांतला एक जण उठून थेट योस्तवरच ओरडला. योस्तनं त्याचं भाषांतर केलं नाही. मान खाली घालून चमच्याशी खेळत बसला. मी नीराकडं बघितलं. "तुझे आजोबा असते तर खांब सोडला नसता, असं म्हणाला तो," ती हळूच म्हणाली. ज्या चेहऱ्यासाठी मी एवढा खटाटोप केला होता तो चेहरा आता माझ्यापासून हातभर अंतरावर होता, आणि माझ्यानं तो बघवेना.

तेवढ्यात हेन्ड्रिकाबाई उभ्या राहिल्या. त्यांच्या हातात एक कागद होता. त्यांनी आवाज चढवला नाही. तिथल्या निम्म्या लोकांना त्यांनी शाळेत कान धरून उभं केलेलं होतं, त्यामुळं गरजच नव्हती. योस्त पुन्हा सांगायला लागला.

"बाई म्हणतात, हे जुन्या कारकुनाचं लिहिलेलं आहे. वेढ्याच्या वेळचं. दहाव्या दिवशी वेशीवरच्या पहारेकऱ्याची शेळी बाहेर राहिली होती. ती ओरडत होती. तिला आत घ्यायला त्यानं छोटं दार उघडलं..." योस्त थांबला. त्याचे डोळे मोठे झाले. "शेळी आत आली. मागून स्पॅनिश आले."

बाईंनी कागद उलटला.

"तीन दिवस राहिले. लुटायला काही मिळालं नाही, नुसते सलगम होते. ते खाऊन पोट बिघडलं म्हणून निघून गेले. बांध नंतर फुटला, आपोआप. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं, शहर पडलं हे कुणाला सांगायचं नाही."

नगराध्यक्ष मटकन खाली बसले. "हे तुम्हाला केव्हापासून ठाऊक आहे?"

"तीस वर्षं," बाई म्हणाल्या. "गप्प राहा असं मला तेव्हाच्या नगराध्यक्षांनी सांगितलं. म्हणजे तुझ्या वडिलांनी." मग त्यांनी चिखलानं माखलेल्या योस्तकडं बोट केलं. "शहर तेव्हा शेळीसाठी पडलं. आज एका म्हाताऱ्यासाठी पडलं. मला तर यात प्रगती दिसते."

मागच्या टेबलावरून खाटीक खो खो हसायला लागला. मग केमाल. मग ज्यानं योस्तला टोमणा मारला होता तो म्हातारा स्वतःच हसला, इतका की त्याची दातांची कवळी सांभाळावी लागली. पुढच्या वर्षापासून रक्षक कोण आणि स्पॅनिश कोण हे चिठ्ठ्या टाकून ठरायला लागलं. पहिल्याच वर्षी नीराच्या नावाची चिठ्ठी तटावर निघाली आणि तिनं नगराध्यक्षांना मोजून सात कोबी मारले. नेम चांगला आहे तिचा.

पण मला सांगायचं आहे ते सोमवारचं.

सोमवारी सकाळी मी आणि योस्त गेट पुन्हा नीट बसवत होतो. तिकडच्या पाटबंधारे खात्याचा अधिकारी मोटारीतून आला. मिशा कापलेला, कडक, बगलेत फायली. खंदक रिकामा झाल्याची वर्दी त्याला पोचली होती. शहरात त्यानं बारा ठिकाणी चौकशी केली होती, आणि बाराही ठिकाणी त्याला एकच उत्तर मिळालं होतं: माहीत नाही. नगराध्यक्षांनी तर 'खंदक होता का तिथं?' असं विचारलं म्हणे.

"हे गेट कुणी उघडलं?" त्यानं विचारलं.

"मी," योस्त लगेच म्हणाला, आणि माझ्यापुढं उभा राहिला.

"कसं उघडलं, दाखवा."

योस्तनं हँडल लावलं आणि उलट्या बाजूला फिरवायला लागला. अधिकाऱ्यानं शांतपणे त्याच्याकडं बघितलं, मग माझ्या तेलकट हातांकडं बघितलं.

"किती पाणी गेलं?" त्यानं इंग्रजीत मलाच विचारलं.

आता खात्याच्या माणसानं खात्याच्या माणसाला विसर्ग विचारल्यावर खोटं कसं बोलणार? मी आकडे सांगितले. त्यानं भुवया उचलल्या, फाईल गवतावर ठेवली आणि बसला. मीही बसलो. किती उचललं, गळती किती, गजाचे आटे झिजलेत का, तेल कुठलं वापरलं, दीड तास आमचं बोलणं चाललं, आणि शब्द अडला की योस्त मधे पूल टाकायचा. त्याच्या कागदांत हे गेट पंचावन्न वर्षं 'नादुरुस्त, उघडत नाही' असं लागलेलं होतं. त्यानं उठून स्वतः हँडल फिरवलं. फिरलं. त्याच्या कडक तोंडावर पोरासारखं हसू आलं. मला ते हसू ठाऊक आहे.

त्यानं फॉर्म काढला आणि लिहायला लागला: चाचणी घेतली, गेट चालू स्थितीत आहे. एका रकान्यापाशी पेन थांबलं. काहीतरी विचारलं.

"ते विचारतात," योस्त म्हणाला, "गेट चालवणाऱ्याचा हुद्दा काय लिहायचा?"

तेहतीस वर्षं मी त्या रकान्यात एकच गोष्ट लिहीत आलो होतो. ती जिभेवर आलीही. योस्त वाट बघत उभा होता, नखांत अजून खंदकाचा चिखल.

"त्यांना सांग," मी म्हणालो, "सासरे."

योस्तचे कान लाल झाले. त्यानं डच शब्द सांगितला. पहिल्यांदा नीट उमटला नाही म्हणून पुन्हा सांगितला. अधिकाऱ्यानं वर न बघता तो रकान्यात लिहिला, खाली सही केली, आणि मोटारीच्या बॉनेटवर कागद ठेवून शिक्का मारला.